भिंतीवरचा तेलाचा डाग

प्रिय निनाद,

आई गेल्यावर मी कोथरूडचं भाड्याचं घर सोडलं. ती टेकून बसायची तिथे भिंतीवर तिच्या केसांच्या तेलाचा डाग होता. "तो घालवा, मग डिपॉझिट न्या," असं घरमालक परचुरे म्हणाले.

रंगाचे दोन हात दिले, तरी डाग पुन्हा वर आला. "ताई, आजी हलायला तयार नाहीत," रंगारी म्हणाला.

"मग त्यांचं भाडं कोण भरणार?" परचुरेंनी विचारलं. मीही हसले.

डाग तसाच ठेवून मी डिपॉझिट सोडू शकले असते. पण प्रायमर लावून डाग घालवला आणि डिपॉझिट घेतलं.

आता नव्या घरात उठल्या उठल्या मी भिंती बघते. सगळ्या कोऱ्या आहेत. आईला इथला पत्ता सांगायचा राहूनच गेला, हे तुला कळवायचं धाडस आज केलं.

तुझी,
ताई