ताइस्तोसाहेब आणि तीन रिकामे बाइट

औलू, मार्चअखेर

ती. केर्तुमावशीस,

उर्पोचा नमस्कार (वाकवेल तेवढा, कंबर धरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? सौनात बसतेस ना रोज?

इकडची हकिगत अशी. गोठलेल्या समुद्रावर मासे धरायला जाणाऱ्यांसाठी आम्ही एक डबी करतो आहोत. वादळात माणूस हरवला, की किनाऱ्यावरून तिला निरोप जातो आणि ती वाट दाखवते. निरोपात आधी एका बाइटात त्याचा प्रकार, मग चार बाइटांत ठिकाणाचा आकडा. पण डबीतला स्वस्त प्रोसेसर भलता सोवळा! मेमरीत चार-चार बाइटांचे पाट मांडलेले. आकडा नीट एका पाटावर बसला तरच हा वाचणार. अर्धा इथे, अर्धा तिथे दिसला, की डोळे पांढरे करून पुन्हा पहिल्यापासून, अगदी 'सुस्वागतम'पासून सुरू. म्हणून मी म्हटलं, प्रकारानंतर तीन बाइट रिकामे सोडू. आमचे साहेब ताइस्तो (माणूस सज्जन, पण चहाची पुडी दोनदा बुडवणारा) म्हणाले, "रिकामं पाठवायला बॅटरी काय तुझा बाप भरणार?" ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत चाललं (तो कसंही मांडलेलं वाचतो), तेव्हा मीही गप्प बसलो.

शनिवारी साहेब स्वतःच डबी घेऊन बर्फावर गेले आणि वादळ आलं. मी निरोपावर निरोप पाठवतोय, तर फोनवर साहेब: "उर्पो, ही नुसतं 'सुस्वागतम' म्हणते रे!"

"परत?"

"परत! अगत्य फार आहे, पण किनारा कुठाय?"

मग थंडीने फोनही मेला. शेवटी किनाऱ्यावर उभ्या त्यांच्याच गाडीचा भोंगा दाबून बसलो, हात बधिर होईपर्यंत. त्या आवाजाच्या रोखाने साहेब आले. भुवयांवर बर्फ. म्हणाले, "टाक बाबा तुझे रिकामे बाइट. तीन काय, चार टाक!"

"चार टाकले तर पुन्हा बिघडेल, साहेब."

ते हसले, आणि हसता हसता एकदम थांबले. म्हणाले, "चालताना वाटत होतं, मी नाही परतलो तर घरी कळणार कुणाला? बायको, आइला, जाऊन आठ वर्षं झाली." मी कॉफी ओतली.

तुझा,
उर्पो

ता. क. ईस्टरला तू एकटीच आहेस ना? साहेबांना राय धान्याच्या पावात भाजलेले मासे फार आवडतात.

आणखी एक. ते शुक्रवारच्या गाडीने तुझ्याकडे निघताहेत, बहुधा पत्राआधी पोचतील. तू आग्रहाने बोलावलं आहेस, असं मी त्यांना सांगितलं आहे. तेवढं सांभाळून घे.