शनिवारचा आकडा

बाबा,

आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई पुढच्या वर्षी रिटायर होतात. काल स्टाफरूममध्ये त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "सुन ना, ही प्रत्येक साइट मला कुकीज घ्या, कुकीज घ्या म्हणून राहिली. मी घाबरून दरवेळी नाहीच दाबते. हे नेमकं आहे काय?" मी तोंड उघडलं आणि तुमचंच उत्तर बाहेर आलं. म्हटलं, कापड मिलच्या गेटवर टाइमकीपर असायचा. पहिल्या दिवशी तो नाव विचारायचा, खातं विचारायचा आणि एक बिल्ला हातात द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून बिल्ला पाहिला की झालं. हा कोण, कुठल्या खात्याचा, काल किती वाजता आला, सगळं त्याला ठाऊक. बिल्ला तुमच्या खिशात, पण काम त्याचं. बाईंना एका दमात समजलं. "हे असं कुणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. त्यांना वाटलं तुम्ही इंजिनिअर असाल. मीही तो समज तसाच राहू दिला, मजा वाटली.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं होतील. आठवीपर्यंत शिकलेला, मिलमध्ये बावीस वर्षं माग चालवलेला माणूस इंटरनेट समजावून गेला, हे मी कुणाला सांगत बसत नाही. पण कॉम्प्युटरच्या वर्गात फळ्यापुढे उभी राहते तेव्हा निम्मे शब्द तुमचेच असतात. सर्व्हर म्हणजे गोदामाचा कारकून. मागितलं की देतो, आपणहून काही देत नाही. कॅशे म्हणजे सुताने भरलेल्या कांड्या मागाजवळच्या पेटीत ठेवणं, म्हणजे दरवेळी सुताच्या खात्यापर्यंत चालत जावं लागत नाही. ब्राउझर आणि इंटरनेट यांत तर अजूनही अर्धं इंदूर गल्लत करतं. तुम्ही मात्र माझ्याकडे शिकायला बसलात त्याच्या तिसऱ्या दिवशीच म्हणाला होतात, "ब्राउझर गेट आहे बेटा. मिल आत आहे. गेट बदललं तर मिल थोडीच बदलते."

मिल बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. भोंगा थांबला तरी तुम्ही कितीतरी महिने त्या वेळेला उठून बसायचात. आई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या चालूच होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर हळूहळू तुमच्याकडे आलं. कुणी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हीही गाजावाजा केला नाही. तुमच्या पोळ्या सगळ्या एका मापाच्या. प्रत्येक पोळी ताटाच्या काठाला लावून बघायचात आणि कमी पडली तर पुन्हा लाटायचात. आई हसून म्हणायची, "अहो, पोळी आहे ती, कापडाचं थान नाही." आजोबा महूच्या पलटणीतले, त्यांची शिस्त तुमच्यात उतरली होती आणि ती आता कणकेवर चालत होती. मला ते दिवस दुःखाचे म्हणून आठवतच नाहीत. शाळेतून आले की घरात कुणीतरी असायचं आणि गरम जेवण असायचं, माझ्यासाठी ते पुरेसं होतं. तुमच्यासाठी पुरेसं होतं का, हे विचारायची अक्कल मला फार उशिरा आली.

कॉलेजात गेल्यावर मी जुनी इंदूर भागात एका सायबर कॅफेत दुपारी बसायला लागले. सात मशीन, एक कूलर आणि दारात चपलांचा ढीग, कारण मालकाचा हुकूम होता की आत धूळ यायला नको. तुम्ही पहिल्यांदा डबा द्यायला आलात तेव्हा न सांगता चपला काढल्यात, वर पायही झटकलेत. "मशीन आहे तिथं पाय साफ पाहिजेत," असं मालकालाच ऐकवलंत आणि तो खूश झाला. मग दुपारची गिऱ्हाइकं नसायची त्या वेळात तुम्ही येऊन बसू लागलात. मिलचं एक कोरं रजिस्टर तुमच्याकडे राहिलं होतं. त्यात रकाने पाडून तुम्ही शब्द लिहायचात: पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात मी सांगितलेला अर्थ, तिसऱ्यात मिलमध्ये ते कुठे होतं. तिसरा रकाना भरेपर्यंत तुम्ही दुसऱ्यावर विश्वास ठेवत नव्हता. अपलोड आणि डाउनलोड यांवर तर आपण दोन दिवस भांडलो, कारण माल आत कुठला आणि बाहेर कुठला, हे उभं राहण्याच्या जागेवर ठरतं, असा तुमचा मुद्दा होता. बरोबरच होता.

मग एक दिवस तुम्ही विचारलंत, "इथं माणूस सापडतो का?" कोण माणूस, हे मला सांगावं लागलं नाही. तुमच्या शेजारचे माग एकोणीस वर्षं ज्यांच्याकडे होते, ते तुमचे जोडीदार. मी त्यांना काका म्हणायची. मिल बंद झाल्यावर बायकोच्या गावी जातो, पत्ता कळवतो, असं सांगून ते गेले आणि पत्ता काही आला नाही. तुम्ही दोनदा देपालपूरकडच्या गावांत विचारून आला होतात. मी काकांचं नाव टाकून शोधलं. त्या नावाचा कुणी डॉक्टर निघाला. मी समजावलं की इथे तेच सापडतं जे कुणीतरी आधी ठेवलेलं असतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे अपन ठेवलं तर त्याला सापडेल. चल मग, ठेव."

अशी आपली साइट झाली. फुकट जागा देणारी एक कंपनी होती, तिथे एकच पान. तुमच्या खात्यातली एकतीस नावं, प्रत्येकापुढे मागाचा नंबर आणि पाळी. तुम्ही डोळे मिटून सांगत होतात आणि मी टाइप करत होते. एकही नंबर अडला नाही. शेवटी तुम्ही ओळ सांगितलीत की जो कोणी वाचेल त्याने घरी यावं, चहा मिळेल, आणि खाली पत्ता. त्या काळात पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले त्याचा आकडा लावायची पद्धत होती. मी तो लावला. तुम्हाला तो फार आवडला. मागाच्या कडेला, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या फेऱ्या मोजणारं आकड्यांचं यंत्र असायचं, तसंच हे, असं म्हणून तुम्ही लगेच तिसरा रकाना भरलात.

दर शनिवारी तुम्ही आकडा विचारायचात आणि रजिस्टरात लिहायचात. दोन महिन्यांनी मी एका ऑफिसात नोकरीसाठी भेटायला गेले. तिथल्या साहेबांना ऐटीत म्हटलं, मी साइट बनवलीय. त्यांनी ती उघडली. पडद्यावर नुसते आकडे, टिंबं, उलटेसुलटे इंग्रजी अक्षरांचे तुकडे. हिंदीसाठी मी जो फॉन्ट वापरला होता तो फक्त आमच्या कॅफेतल्या मशीनवर होता. बाहेर जगात कुणालाही आपलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. नोकरी तर गेलीच, पण घरी येताना मला तुमच्या एकतीस नावांची लाज वाटत होती. मी रडतच सांगितलं. तुम्ही कणीक मळत होतात, हात थांबवले नाहीत.

"पाळी संपली की आम्ही काय करायचो, ठाऊक आहे?" तुम्ही म्हणालात. "मागाच्या लोखंडावर खडूने लिहून ठेवायचो, काय बिघडलंय ते. पण पुढच्या पाळीवाला शिकलेला नसला तर? म्हणून खूण करायची. तुटका धागा असेल तर तुटकी रेघ. घसरतंय तर बाण. लिहिणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी नाही वाचायचं, पुढच्याच्या डोळ्यांनी वाचायचं. तू आपल्याच मशीनवर वाचून खूश झाली."

आयुष्यात तुम्ही मला मोजून चार वेळा रागावून बोललात, त्यातलं हे एक. मला लागलं, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी मी सगळं पान साध्या इंग्रजी अक्षरांत पुन्हा लिहिलं, हिंदी शब्द पण रोमन अक्षरं, आणि शहरातल्या चार वेगळ्या कॅफेंत जाऊन उघडून पाहिलं. आज मुलांनी काही बनवून आणलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, दुसऱ्याच्या मोबाइलवर बघितलं का?

पान नीट झालं, पण कुणी आलं नाही. तुम्ही मात्र संध्याकाळच्या चहाला एक कप दूध जास्त घ्यायला लागलात. कुणी आलं तर असावं म्हणून. ते उरलेलं दूध रात्री विरजणात जायचं आणि मला बघवायचं नाही. आकडा आठवड्याला दोन-तीनने हलत होता, तोही बहुधा कुणी चुकून आल्यामुळे. म्हणून मी काय करायला लागले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. कॅफेत बसल्या बसल्या मी आपलं पान उघडायची, बंद करायची, परत उघडायची. दिवसाला आठ-दहा वेळा. शनिवारी तुम्हाला सांगायची, बाबा, या आठवड्यात साठ झाले. तुम्ही "अरे वा" म्हणून लिहून घ्यायचात.

आणि मग हिवाळ्यात एका रविवारी दारात एक बाई उभी. हातात छापून आणलेला कागद, चार घड्या घातलेला. ती काकांची मुलगी होती, देपालपूरला शिवणकामाचे वर्ग घ्यायची. तिच्या बाजूच्या दुकानात नवं इंटरनेट आलं होतं. लोक गंमत म्हणून आपापली नावं टाकून बघत होते. हिने वडिलांचं टाकलं. नाव, मागाचा नंबर, पाळी, सगळं समोर आलं. "बाबूजी बोले, नंबर सही है, तो आदमी भी सही है. जा, देख के आ," ती म्हणाली. तुम्ही आत गेलात आणि चहा टाकलात. त्या दिवशी दूध पुरलं.

पुढच्या रविवारी आपण बसने गेलो. काकांच्या डोळ्यांना कमी दिसत होतं, अंगणात लसूण वाळत पडला होता. मला वाटलं होतं तुम्ही दोघं गळ्यात पडाल. तुम्ही शेजारी शेजारी खाटेवर बसलात, जसे मागांच्या मधल्या गल्लीत उभे राहायचात तसे, तोंडं एका दिशेला. काका म्हणाले, "क्यों भिया, पत्ता नहीं भेजा तो गुस्सा था?" तुम्ही म्हणालात, "था." मग दोघंही हसलात. त्यानंतर तुम्ही महिन्यातून एकदा जातच राहिलात, शेवटपर्यंत. इतकं समाधान मी तुमच्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं. परत येताना बसमध्ये म्हणालात, आता आकडा काढून टाक, काम झालं. मी हो म्हटलं.

आता तर फुकट जागा देणारी ती कंपनीही उरली नाही, तिच्याबरोबर आपलं पान गेलं. आता मिलवाल्यांच्या मुला-नातवांचा मोबाइलवर ग्रुप आहे, सकाळी फुलांचे फोटो येतात, कोण गेलं ते तासाभरात कळतं. शोधावं लागत नाही कुणाला. मी या सगळ्याला वाईट म्हणणार नाही. तुम्ही असतात तर त्या ग्रुपवर सगळ्यांत जास्त तुम्हीच बोलला असतात.

काल शाळेतून आल्यावर मी रजिस्टर काढलं, संस्कृतच्या बाईंना दाखवायला म्हणून. पहिल्या पानापासून वाचत गेले. काउंटर या शब्दापुढचा तिसरा रकाना मी कधी नीट वाचलाच नव्हता. वरची ओळ ठाऊक होती, धोट्याच्या फेऱ्या मोजणारं यंत्र. त्याखाली वेगळ्या पेनने, बारीक अक्षरात तुम्ही नंतर लिहिलंय: "धागा तुटला की माग थांबवणारा काटा दोऱ्याने बांधून ठेवला तर माग रिकामा पण चालतो, आकडा चढतो. कापड होत नाही. देखरेख करणाऱ्या जॉबरला आवाजावरून कळतं. मुलगी रोज काटा बांधून राहिली. तिला बोलायचं नाही."

तुम्हाला सगळं कळत होतं आणि तरी दर शनिवारी तुम्ही "अरे वा" म्हणत होतात. मी तुम्हाला सांभाळते आहे असं मला वाटत होतं, आणि तुम्ही मला सांभाळत होतात. रडू आलं, पण चांगलं आलं.

आता हे पत्र कुठे पाठवणार. रजिस्टरातच घडी करून ठेवते. एकच गोष्ट तुमच्या त्या ओळीत नाही, कारण ती नंतरची आहे. तुम्ही काढून टाक म्हणालात तो आकडा मी काढला नव्हता. तुम्ही गेल्यावरही, पान बंद पडेपर्यंत, दर शनिवारी मी ते उघडत होते. एकदाच उघडायची आणि आकडा एकाने पुढे गेलेला बघून बंद करायची.