दाजींचा हात चुकला नव्हता

कोसाड, सुरत
दि. ११ जानेवारी २०२५

सौ. छायाताईस,

वाल्मिकचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक. योगिताने तुझ्या बिबड्या पुरवून पुरवून खाल्ल्या, आता डबा रिकामा. थंडी यंदा म्हणावी तशी नाही. दाजी जेवतात का?

परवा फोनवर तू म्हणालीस, ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात आणि म्हणतात, "मनाच हात चुकना व्हई." स्वतःचाच हात चुकला असेल म्हणतात, हे ऐकलं आणि मी फोन कापला. रेंज गेली नव्हती, ताई.

पलसाण्याच्या मिलमध्ये कापडाला किती रंग सोडायचा हे माझा सर्व्हर दाजींच्या मशीनला सांगतो. चालू काम तो मेमरीच्या पानांवर ठेवतो. पानावरची जागा खराब झाली की कर्नेल, म्हणजे तिथला मुकादम, ते अख्खं पान बाद करतो आणि त्यावर काम करणारा प्रोग्रॅम मारून टाकतो. पान लहान असलं तर कधीकधी निभावतं. पण काम फास्ट व्हावं म्हणून मी मोठाली पानं लावली, पाचशे लहान पानांचं एक. शेठसमोर कॉलर ताठ केली. मग काय, एका भोकापायी कापडाचा अख्खा ताका बाद!

तीन आठवडे सर्व्हर बोंबलत होता की मेमरीत चुका होताहेत, अजून सुधारता येताहेत. दिवसाला चाळीस मेसेज. मी वैतागून मेसेजच बंद केले. मेमरीची एक पट्टी बदलायची होती फक्त. पण तेवढ्यासाठी मिल थांबवा असं शेठला कोण सांगणार?

त्या दुपारी न सुधारणारी चूक आली. प्रोग्रॅम मेला, स्क्रीन काळी. मशीनमध्ये कापड फिरतंय, रंग अर्धवट. दाजींनी जुन्या कारागिरांच्या रीतीने उरलेला रंग हाताने सोडला. अगदी बरोबर सोडला. मी त्यांना न विचारता प्रोग्रॅम पुन्हा चालू केला आणि त्याने पहिल्यापासून सगळा रंग ओतला. माल काळाठिक्कर.

"डबल रंग कोणे नाख्यो?" शेठ ओरडले. दाजी म्हणाले, स्क्रीन गेली होती. शेठने माझ्याकडे पाहिलं. आणि ज्याला दाजींनी आपल्या खोलीत ठेवून शिकवलं तो मी म्हणालो, "सर्व्हर तो चालूज हतुं." बंद पडलाच नव्हता म्हणे!

बावीस वर्षं राबलेल्या कारागिराला शेठने सगळ्यांसमोर गेटबाहेर काढलं. मी खाली बघत होतो.

रोज ठरवतो, आज सांगतो. शेठच्या केबिनच्या दारातून परत फिरतो. योगिताला सातवा महिना आहे. मी भेकड आहे गं ताई, मला माझाच भरवसा उरला नाही.

म्हणून सर्व्हरच्या नोंदीचा कागद सोबत पाठवतोय. तारीख, वेळ, मेलेला प्रोग्रॅम, मी तो पुन्हा चालू केल्याची नोंद, सगळं त्यात आहे. खाली माझी सही आहे. आधी हे पत्र दाजींना वाचून दाखव. मग दोघं या आणि तो कागद शेठच्या टेबलावर ठेवा. ते मला बोलावतील. मी कदाचित तेव्हाही म्हणेन, ही सही माझी नाही. तर सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मार, पण मला खोटं बोलू देऊ नकोस.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला तोंड नसलेला,
वाल्मिक