सगळे सभासद

३ फेब्रु., सोम.
ताई आमच्या महाराजपूरच्या बुद्धविहारातून आली ती फणफणतच. महिला मंडळाच्या सचिवपदाला उभं राहायचं तर सभासद यादीत नाव हवं, आणि यादीत तिचं नावच नाही. मेश्राम काकांनी (विहार समितीचे सचिव, फॅक्टरीतून रिटायर, यापुढे मे. काका) मोबाइल तिच्याकडे फिरवून दाखवला. “कंप्युटरमध्येच नाही, तर मी काय करू बेटा?” फॉर्मची मुदत १५ तारीख, संध्याकाळी पाच.
कंप्युटर म्हणजे माझं अ‍ॅप. दोन वर्षांपूर्वी मीच फुकटात करून दिलं, वर सत्काराची शालही घेतली. ताई दिवसभर माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिचं नाव मीच खाल्लं.

४ फेब्रु.
कंपनीचं काम आटोपून बसले. गंमतच आहे. डेटाबेसमध्ये थेट डोकावलं तर ताईची ओळ ठणठणीत. नाव, जन्मसाल, बाबांचा फॅक्टरीतला टोकन नंबर, सगळं. अ‍ॅपमधून मागितलं की येत नाही. पुसलेली नाही, नुसती येत नाही. काहून?
मी पायथनमध्ये म्हणते, सगळे सभासद दे. ओआरएम हे मधलं सॉफ्टवेअर त्याचं डेटाबेसच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, भाषांतर करून विचारतं आणि उत्तर आणून देतं. मधल्यामधे ते नेमकं काय बोलतं, हे या अ‍ॅपात मी कधी ऐकलंच नाही. शेजारणीकडून निरोप धाडावा आणि तिने तो कोणत्या शब्दांत सांगितला हे कधी विचारूच नये, तसं. उद्या छापून बघते.

६ फेब्रु.
काल वेळ नाही मिळाला. आज क्वेरी, म्हणजे ओआरएमने डेटाबेसला विचारलेला प्रश्न, छापली. माझी मागणी दोन शब्दांची, ती बाहेर पडली चार ओळींची! शेवटी एक अट, जी मी आज मागितलीच नव्हती: खूण ‘सा’ किंवा ‘का’ असेल ते वगळ.
का. म्हणजे कालकथित. सा. म्हणजे सासरी.
ही अट कुणी घातली म्हणून कोडचा इतिहास काढला. लिहिणारी: मी. तीही अगदी कोडच्या पायातच बसवलेली, म्हणजे प्रत्येक क्वेरीला न सांगता चिकटणार. मग आठवलं मे. काकांचं जुनं रजिस्टर. माणूस गेलं की नावापुढे लाल शाईत का., मुलीचं लग्न झालं की लाल शाईत सा. नाव कुणाचंच खोडायचं नाही, हा काकांचा नियम. तो मला तेव्हा फार आवडला होता. मी दोन्ही खुणा जशाच्या तशा उतरवल्या आणि लाल ते यादीत नको म्हणून एकाच अटीत टाकल्या. परत आलेल्या मुलीसाठी रजिस्टरात खूणच नव्हती.
ताई भंडाऱ्याहून घटस्फोट घेऊन आली त्याला चार वर्षं झाली. मी ही अट लिहीत होते तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती.
ताई आणि वारलेले आजोबा एका कंसात. फार लाज वाटली.

७ फेब्रु.
ताईला सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, “मी मेली का?” आणि वटाणे सोलत बसली, ते संपले तरी टरफलं निवडत होती. आई मला आत ओढून, “काहून सांगितलं तिला?”

९ फेब्रु., रवि.
रस्ते दोन. ताईच्या ओळीतली खूण काढायची, पाच सेकंदांचं काम. नाहीतर अटीतून ‘सा’च काढायचा. मग सासरी गेलेल्या सगळ्या यादीत येतील.
ताई: “माझी खूण काढ अन् मोकळी हो. मला फॉर्म भरायचा आहे, क्रांती नाही करायची.”
आईचंही तेच. मला पटत नाही. उद्या माझं लग्न ठरलं की मे. काका बटण दाबणार, आणि मी माझ्याच क्वेरीतून गायब.

१० फेब्रु.
एक प्रश्न डोक्यातून जात नाही. इथल्या यादीत नाहीत, तर सासरच्या विहाराच्या यादीत असतील ना? लंच टाइममध्ये सासरी गेलेल्या चौघींना फोन लावले. नागपूरची: “अशी यादी असते का?” गोंदियाची: सासूला विचारून सांगते. बालाघाटची यादीत आहे, पण नवऱ्याच्या नावापुढे ‘सौ.’ एवढीच. कटनीची म्हणाली, “मी तर तिकडेच आहे समजून राहिली होती!”
चौघींत जेमतेम एक. मग बाकीच्या आहेत कुठे?

१२ फेब्रु., पौर्णिमा
वंदना झाल्यावर बैठक. मे. काका: “सासरी असतेच नं तिचं नाव. दोन ठिकाणी कसं चालंल?” मी फोनचं सांगितलं. मग मागून कुणीतरी, “अच्छा, मग मत द्यायला गोंदियाहून येतील का त्या?” हशा. समतेवर तास तास बोलतात हेच लोक! असा संताप आला की चहा न घेता उठले.
निर्णय: विषय पुढच्या पौर्णिमेला. ताईपुरतं “तुम्हीच बघून घ्या.”
चपला घालताना मे. काका जवळ आले. हळूच म्हणाले, “बेटा, माझ्या पोरीच्या नावापुढं पण मीच लावली लाल शाई. कोणी विचारलंच नाही कधी.” त्यांच्यावर चिडायचं होतं, ते राहूनच गेलं.

१५ फेब्रु., शनि.
सकाळी ताईची खूण काढली. नाव आलं. तिने फॉर्म भरला. सूचक म्हणून यादीतल्या एका बाईची सही लागते, ती आई करणार होती.
साडेतीनला मी माझ्या मशीनवर, नुसतं बघायचं म्हणून, ‘सा’ची अट काढून क्वेरी चालवली. स्क्रीन भरून नावं. ताई फॉर्म घेऊन पाठीमागे उभी. “थांब, वर घे. ही आपल्या क्वार्टरच्या लाइनमधली. ही माझ्यासोबत सायकलनं यायची. अगं, ही शीला!” एकेक नाव मोठ्याने वाचत होती. मग हातातल्या फॉर्मवरची सूचकाची रिकामी ओळ बघितली.
आई पेन शोधून आली. ताईने फॉर्म मागे घेतला.
“तू राहू दे आई.”
आणि फोन लावला. स्पीकरवर. “शीला? मी बोलून राहिली, महाराजपुरातून. सूचकाची सही पायजे तुझी... अगं आहे, तुझं नाव इथंच आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे.” ताई परत, “हॅलो? पनागरहून यायला किती वेळ लागंल तुला?”
चार वाजून दहा मिनिटं; पनागर, शीलाचं सासर, इथून अर्ध्या तासावर. मे. काका मोबाइलमध्ये शीलाचं नाव शोधणार, हे नक्की. मी कुणाला न विचारता ‘सा’ची अट काढलेली फाइल सर्व्हरवर चढवली.
शीला म्हणाली, “निघते.”