चेटकिणीचे सुळे

४ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. भुताटकीचा, त्यात विनोदी, त्यातही प्रेमाचा सिनेमा, आणि तो दिसायला पन्नास वर्षं जुना! पैसे लावणारं कोणी नाही, बघणारंही कोणी नसेल. एवढ्यावर थांबशील असं वाटलं होतं. पण चेटकीण म्हणून आईला उभं करणार? जी जन्मात कधी आरशासमोर रेंगाळली नाही, ती आता पुठ्ठ्याच्या महालात वशीकरणाचा काढा ढवळणार. धन्य आहे.

वर सुळे माझ्याकडूनच हवेत. मी दातांचा डॉक्टर आहे, सोंगं पुरवणारा नाही. तरी पाठवतोय, कारण बाहेरून करून घेतलेस तर आईच्या हिरड्या सोलून निघतील. तिला लवकर परत पाठव. दवाखान्यात तिच्या खुर्चीवर बसवलेली नवी मुलगी पेशंटांच्या नंबरांचा नुसता चिवडा करते.

आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही येवो.
तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

सुळे पोचले, दंतमहाराज. इतके चपखल बसलेत की आई चहासुद्धा तेच लावून पिते.

आम्ही खऱ्या रिळावर काम करतो आणि रीळ मोजकंच, त्यामुळे प्रत्येक प्रसंग एकदाच; चुकला तर चुकला. परवा चुकला. चेटकीण काढा देते, म्हातारा सरदार तो पितो आणि तिच्या प्रेमात पडतो, असं मी लिहिलं होतं. सरदार म्हणून आईनेच तुझ्या दवाखान्यात येणारे एक घड्याळजी सुचवले होते. त्यांनी पेला घेतला, आईकडे पाहिलं, आणि न पिताच खाली ठेवून तिचा हात धरला. दोऱ्यावरचं वटवाघूळ लोंबकळत राहिलं नि आम्ही सगळे आ वासून. नंतर म्हणाले, काढ्याचं लक्षातच राहिलं नाही.

दादा, आईला त्यांच्याशी लग्न करायचंय. तुझ्या होकाराशिवाय ती पाऊल उचलणार नाही. सिनेमा पहिल्यांदा दाखवू तेव्हा नक्की ये.

माया पूर्वीसारखीच ठेव, टोमणे कमी केलेस तरी चालेल.
धाकटी

२५ मार्च

धाकटे,

आशीर्वाद वगैरे नेहमीप्रमाणे. त्या घड्याळजीला मी चांगला ओळखतो. त्याची कवळी मीच केली. दर आठवड्याला दारात हजर. आज इथे टोचते, उद्या तिथे. हिरडीवर साधा ओरखडा नाही, तरी मी आपला घासून देतोय. असला किरकिरा माणूस माझ्या हाताखालून दुसरा गेला नाही. हल्ली फिरकत नाही, ब्याद टळली म्हणत होतो, तर ती आमच्याच घरात शिरणार!

होकार कसला मागता? लोक तोंडावर हसतील. मी येणार नाही.

दादा

२ एप्रिल

चि. थोरल्यास, अ. आ.

धाकटीने तुझं पत्र दाखवलं. त्यांची कवळी कधीच टोचत नव्हती रे. तू आत कामात असायचास, ते माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे. नंबर आला की मागच्याला पुढे पाठवायचे. तक्रार केल्याशिवाय यायचं कसं, म्हणून तू घासशील तेवढं घासू द्यायचे. आता ती इतकी सैल झालीय की बोलताना जिभेने सावरून धरतात.

लोक हसले तर हसोत. तू हसलास तर मात्र मला सोसवणार नाही. नको म्हणालास तर परत येईन, कामही करीन. फक्त त्या बाकाकडे माझ्याने बघवणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.
आई

८ एप्रिल

ती. आईस, शि. सा. न.

सिनेमा भिकार असणार याबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पहिल्या रांगेत बसून नावं ठेवीन.

माणूस नाकासमोर बसून होता आणि मी बसलो कवळी घासत. माझ्याइतका गाढव तुमच्या सिनेमातही नसेल. पत्र वाचून बराच वेळ त्या बाकावर जाऊन बसलो. तिथून तुझी खुर्ची अगदी समोर दिसते.

त्यांना सोमवारी पाठव. नवीन कवळीचं माप घ्यायचंय. लग्नात ती तोंडातून पडली तर लोक माझ्या कामाला हसतील, आणि ते मला चालणार नाही.

तूही ये. नव्या मुलीला सुट्टी दिली आहे, तुझ्या खुर्चीवर तूच बस. त्यांना नंबर शेवटचा देतो.

तुझा थोरला