टाकीपासून खिंडीपर्यंत

प्रिय सरकार,

अनेक आशीर्वाद लिहायला घेतले होते, पण तू इथे नसताना माझी जी शोभा झाली आहे ती बघता नमस्कारच बरा. लेक, जावई आणि नातू मजेत असतील. मीही ठणठणीत आहे (गुडघा सोडून, त्याचं पुढे येईलच).

तुला लेकीकडे जाऊन सात महिने झाले. मागच्या महिन्यात तुमच्या डोंगरवाट संस्थेच्या प्रमुख, त्या भूगोल शिकवणाऱ्या बाई, त्यांचा फोन आला. पाण्याच्या टाकीपासून खिंडीपर्यंतची, तू निगा राखायचीस ती दोन किलोमीटर वाट रानाने गिळत आणली होती आणि ती आता दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवणार होते. तुझी वाट दुसऱ्याकडे? मी तिथल्या तिथे म्हणालो, "मी येतो." जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, दुकानातल्या स्टुलावरून उठायचा तो फक्त जेवायला. बाईंनी दोनदा विचारून घेतलं, "नक्की तुम्हीच ना?"

पहिल्या रविवारी मला कोयता मिळाला. मला असा काही चेव आला की तासाभरात वाटेच्या कडेचं कमरेइतकं गवत भुईसपाट! कौतुकाच्या आशेने वळून पाहिलं, तर बाई कपाळाला हात लावून उभ्या. "अहो, माती वाहून जाऊ नये म्हणून मुद्दाम लावलं होतं ते. तुमच्या मिसेसनीच." (रागावू नकोस. मुळं शाबूत आहेत, मी वाकून खात्री केली. गुडघा गेला तो तेव्हाच.)

मग कोयता काढून घेऊन हातात रंगाचा डबा दिला. घड्याळजीचा हात स्थिर, म्हणून खडकांवर दिशेचे बाण काढायचे. बाण सुरेख आला. फक्त काढताना मी खडकाच्या उलट्या बाजूला बसलो होतो. त्या दुपारी अकरा जण माझ्यावर विश्वास ठेवून थेट कोंबड्यांच्या शेडमध्ये पोचले. शेडवाल्याने सगळ्यांना ओळीने परत आणलं आणि विचारलं, "हे कोणाचे?"

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. वाटेवर भेटेल तो तुझीच चौकशी करतो. रोज फिरायला येणारे एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "ताई चढावर गुणगुणतात ना, त्या लयीत आमची पावलं पडायची." तू गुणगुणतेस? घरी मी कधी ऐकलं नाही. (घरी आल्या आल्या रेडिओ मीच लावायचो, हेही खरं.) खिंडीच्या अलीकडे एक सपाट दगड आहे, तिथे तू बसतेस म्हणे. मीही बसलो. तिथून आपली गच्ची दिसते, हे तू कधी बोलली नाहीस. दोरीवर एक पांढरा ठिपका हलत होता, तो बहुधा माझाच शर्ट. इतकी वर्षं तू आलीस की मी "काय असतं एवढं तिथे?" विचारायचो आणि उत्तर यायच्या आत पेपर उघडायचो. परवा तिथे तासभर बसून होतो. बाजूला आणखी एका माणसापुरती जागा उरते.

तुझाच,
(हल्ली डोंगरावर "बाणवाले काका")

ता. क. : नातू अजून लहान आहे, लेकीला आधार हवा. अजिबात घाई करू नकोस. माझं उत्तम चाललंय.

ता. क. २ : वरचं ता. क. लेकीला दाखवण्यापुरतं. बाळाला सांभाळायला चांगल्या मावशी मिळाल्या, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. मग तू कधी येतेस? हवापाण्याचं काही लिहू नकोस. नुसती तारीख लिहिलीस तरी पुरे.