दोघांनी साफ केलेल्या कोंबड्या

२१ डिसेंबर १९९७, रवि. बाळकुम
शेजारी म्हात्रेकाकांकडे ह्यांचा हाँगकाँगहून फोन. ताप, अंगदुखी, डोळे लाल. सलीमलाही ताप. दोघं एकाच हॉटेलात आचारी, एकाच खोलीत राहतात. म्हटलं, पेपरात कोंबड्यांच्या तापाचं येतंय, तो तर नाही? म्हणाले, "मागच्या आठवड्यात बाजारातून जिवंत कोंबड्या आणलेल्या. आम्ही दोघांनीच साफ केल्या. काही मलूल होत्या." लाइन तुटली. जेवण गेलं नाही.

२३ डिसें.
ह्यांचा ताप उतरला. पेज पितात. सलीमला दम लागला, हॉस्पिटलात नेलं. ह्यांना लहानपणापासूनचा दमा, सलीम धडधाकट. उलटं कसं झालं? सासूबाई देवाला नारळ बोलल्यात. मला धीर नाही.

२६ डिसें.
सलीम श्वासाच्या मशीनवर. तोच ताप, असा रिपोर्ट. कल्याणला त्याच्या बायकोकडे, नसीमकडे जाऊन आले. चहा ठेवला तिने, पण गॅस पेटवायचा विसरली. म्हणाली, "भाभी, दोघांनी त्याच कोंबड्या साफ केल्या ना? मग माझ्याच माणसाला का?" तिच्याकडे बघवेना. ह्यांना बरं वाटतंय हे तिला माहीत आहे. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली नाही.

२७ डिसें.
नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. "नवा रोग आहे, वहिनी. एकाच्या अंगात जंतू कमी गेले असतील, दुसऱ्याच्या जास्त. एकाच्या नाका-घशात राहिले, दुसऱ्याच्या थेट फुप्फुसात उतरले. कधी शरीरच रोगाशी लढताना स्वतःची फुप्फुसं खराब करून घेतं, तरण्याताठ्यांचंही होतं. नेमकं कुणालाच ठाऊक नाही."
"ह्यांना पुन्हा उलटेल?"
"बहुतेक नाही. पण दम लागला तर थांबू नका म्हणावं."
ते 'बहुतेक' घेऊन घरी आले.

३० डिसें.
तिथल्या सगळ्या कोंबड्या मारतायत. हे म्हणाले, रस्त्यावर काळ्या पिशव्यांचे ढीग आहेत. बोलताना खोकले.
"काही नाही गं, दमाच."
दम्यात ह्यांची छाती वाजते, फोनवरही कळतं. हा कोरडा खोकला. "हॉस्पिटलात दाखवा" म्हटलं. "बघतो" म्हणाले. ओरडले मी. म्हात्रेकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

२ जाने. १९९८, शुक्र.
काल फोन नाही. आजही नाही. हॉटेलचा नंबर लावला, कुणी उचलत नाही.
दुपारी नसीम आली, लेकीला घेऊन. "सलीमची खबर भाईसाब तुम्हालाच देतात. इथं बसू?" सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, "बस गो बाय, दोन घास खा." खाल्लं नाही कुणीच. तिला ह्यांच्या खोकल्याचं सांगितलं. तिने माझा हात धरला.
म्हात्रेकाकांच्या व्हरांड्यात बसलोय. काकांनी फोन खिडकीत आणून ठेवलाय. वाजला की मी उचलायचा, एवढं ठरलंय. आधी कुणाचं विचारायचं, ते दोघींपैकी कुणीच बोललं नाही.